जीवशास्त्राचा प्राध्यापक (सोलापूर)

वनस्पती व प्राणी यांच्या शास्त्रांचे अध्यापन, परीक्षण आणि संशोधन हे ज्याचे विहित कर्तव्य, तो विद्यापीठीय शिक्षक. सोलापूरची महाविद्यालये प्रथम मुंबई, पुढे पुणे आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या अमलाखाली होती. २००४ साली या एकाच जिल्ह्याच्या हद्दीपुरते स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, त्यास २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे.

व्याख्याने, प्रात्यक्षिके, जर्नलांची तपासणी व उत्तरपत्रिका ही कामे सर्वत्र सारखीच. मेण ओतलेल्या तबकात बेडूक उताणा टाचून त्याच्या नसा सोडविण्याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली विच्छेदनास मनाई केली आणि त्याची जागा प्रतिकृती व चित्रफिती यांनी घेतली. प्राणी जिवंतपणी, त्याच्या मुक्कामी जाऊन दाखविण्याची प्राध्यापकाची जबाबदारी त्यामुळे वाढली आहे, आणि सोलापुरात तो मुक्काम दूर नाही.

हा मुलूख पर्जन्यछायेचा. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचे येथील माळ महसुली दफ्तरात पडीक म्हणून नोंदले गेले असले, तरी जीवशास्त्राच्या हिशेबी त्यांच्याइतकी भरलेली जमीन जिल्ह्यात दुसरी नसेल. नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. नर सुमारे १५ किलो वजनापर्यंत वाढणारा हा पक्षी घरटे बांधीत नाही; मादी पावसाळ्यात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि चहूकडे दूरवर नजर पोचेल अशीच जागा तिला मानवते. वृक्षारोपण हे पुण्यकर्म खरे, परंतु अशा माळावर ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या करणे म्हणजे त्या पक्ष्याचे घर मोडणेच होय, आणि हे सरकारदरबारी निःसंकोच सांगणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, प्राध्यापकाच्या कर्तव्यातच मोडते. माळढोक आता तेथे क्वचितच दृष्टीस पडतो.

अशा स्थितीत सर्वांत मोलाचे ठरते ते साधे नोंदीचे काम. गवताचे रोप मुळासकट उपटावे, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावे, ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर डकवावे आणि उजव्या कोपऱ्यातील चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, गाव, तारीख व संग्राहक लिहून, मेंढरे राखणाऱ्या धनगराने त्या गवतास जे नाव सांगितले असेल, तेही त्याच्याच उच्चाराप्रमाणे लिहावे.