बीसीआर-एबीएल

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया ऊर्फ सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाला कारणीभूत असलेले संकरित प्रथिन. दोन वेगळ्या गुणसूत्रांवरील जनुकांचे तुकडे चुकीने जोडले गेल्यामुळे ते तयार होते. कामाने ते टायरोसीन कायनेज आहे. म्हणजे प्रथिनांतील टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट गट चढवून पेशीतला संकेत पुढे धाडणारे विकर. एकट्या संकेतवाही प्रथिनामुळे रक्तपेशींची वाढ कशी हाताबाहेर जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण कर्करोगशास्त्रात क्वचितच सापडेल.

निरोगी अस्थिमज्जेत पेशी आपल्या मर्जीने वाढत नाहीत. इंटरल्युकिन-३ किंवा जीएम-सीएसएफ यांसारखे वाढघटक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटतात. त्याबरोबर ग्राहीला आतून जोडलेले जॅक-२ हे कायनेज जागे होते व स्टॅट-५ या प्रथिनावर फॉस्फेट चढवते. स्टॅट-५ केंद्रकात शिरून विभाजनाची आणि तग धरण्याची जनुके चालू करते. शेजारून रास आणि पीआय-३ कायनेज यांच्या साखळ्याही चालतात. फॉस्फेट उतरवणारी विकरेही पेशीत असतात, त्यामुळे वाढघटक संपला की संकेत विझतो. तो फार काळ मिळाला नाही तर पेशी मरते, आणि रक्तपेशींची संख्या आटोक्यात राहण्यात या मरणाचा वाटा मोठा आहे.

पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना १९६० मध्ये सीएमएलच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसले. शोध लागला त्या शहराच्या नावावरून ते ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हणून ओळखले जाते. त्याचा हरवलेला तुकडा गेला कुठे, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले : ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले होते. १९८०च्या दशकात जोडावरची जनुके ओळखली गेली. ९व्या गुणसूत्रावरील एबीएल हे उंदरांत ल्युकेमिया घडवणाऱ्या एबेल्सन विषाणूमुळे आधीच परिचित होते. ते २२व्या गुणसूत्रावरील बीसीआरला जाऊन चिकटलेले आढळले. तुटण्याची जागा बदलली की प्रथिनाचा आकारही बदलतो. सीएमएलमध्ये बहुधा २१० किलोडाल्टनचे रूप असते, तर फिलाडेल्फिया गुणसूत्र असलेल्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात पुष्कळदा १९० किलोडाल्टनचे.

मूळ एबीएल स्वतःला आवरून धरते. त्याच्या आरंभीच्या टोकावरील मिरिस्टिक आम्लाचा अंश कायनेज भागातल्या एका खळग्यात बसतो आणि घडी पडलेले प्रथिन निष्क्रिय राहते. संकरात हे टोकच गळालेले असते. शिवाय बीसीआरच्या भागामुळे ही प्रथिने चार-चारच्या गटाने एकत्र येतात व परस्परांवर फॉस्फेट चढवतात. दारावरच्या घंटेचे बटण आत अडकून बसावे तसे होते. दारात कोणी नसते, घंटा मात्र वाजत राहते. बीसीआरमधील १७७व्या टायरोसीनवर फॉस्फेट चढला की तेथे ग्रब-२ हे प्रथिन येऊन जुळते. त्यातून रास साखळी पेशीला विभाजनाकडे ढकलते, आणि गॅब-२ मार्फत पीआय-३ कायनेज व एकेटी यांची साखळी तिला जगवते. स्टॅट-५ सतत सक्रिय राहिल्याने बीसीएल-एक्सएल या मृत्युरोधक प्रथिनाचे प्रमाण वाढते. ल्युकेमिया म्हणजे केवळ भरधाव विभाजन, ही समजूत येथे अपुरी ठरते. मरायला हव्या होत्या त्या पेशी मरत नाहीत, हेही तितकेच मोठे कारण आहे.

मज्जेतील आधाराला धरून राहण्याची पेशींची क्षमताही बिघडते. अपक्व पेशी रक्तात उतरतात, प्लीहा फुगते. सुरुवातीच्या, म्हणजे दीर्घकालीन टप्प्यात पेशी पक्व होण्याची क्रिया बरीचशी शाबूत असते. म्हणून काही जणांत हा रोग साध्या रक्ततपासणीत, पांढऱ्या पेशींच्या अवाजवी संख्येवरूनच उघडकीस येतो. उपचार न झाल्यास डीएनएतील नवनव्या बिघाडांची भर पडते, पक्वता थांबते आणि ब्लास्ट क्रायसिस हा घातक टप्पा येतो. रोगाचे मूळ याच प्रथिनात आहे याचा भक्कम पुरावा १९९० मध्ये मिळाला. जॉर्ज डेली, रिचर्ड व्हॅन एटन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी हे जनुक उंदरांच्या मज्जापेशींत घातले, तेव्हा उंदरांना सीएमएलसारखा रोग झाला.

स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमन आणि सहकाऱ्यांनी बनवलेले इमॅटिनिब हे औषध बीसीआर-एबीएलवरील, फॉस्फेट पुरवणारा एटीपी रेणू बसण्याच्या जागेत अडकते आणि त्याला निष्क्रिय घडीतच जखडते. ओरेगनचे ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू केली. ३०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा घेतलेल्या दीर्घकालीन टप्प्यातील ५४ पैकी ५३ रुग्णांची रक्तसंख्या पूर्ववत झाली. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. प्रतिकारही लवकरच दिसला : ३१५व्या स्थानी थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन आले की इमॅटिनिब बसूच शकत नाही, आणि डॅसॅटिनिब व निलोटिनिब ही पुढची औषधेही येथे हतबल ठरतात. पोनॅटिनिब चालते. २०२१ मध्ये मान्य झालेले ॲसिमिनिब एटीपीच्या जागेला हात न लावता थेट त्या रिकाम्या मिरिस्टिक खळग्यात बसते; निसर्गाने गमावलेला लगाम रसायनशास्त्राने परत बसवला, असे म्हणायला हरकत नाही.

हे यश इतर ल्युकेमियांत जसेच्या तसे उतरले नाही. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश रुग्णांत एफएलटी-३ या ग्राहीत बदल असतो, पण त्याच्या जोडीला आणखी बिघाड असतात. एकच प्रथिन रोखून बहुधा भागत नाही. सीएमएलमध्येही मूळ पेशींचा एक साठा बीसीआर-एबीएलच्या संकेतावाचून तग धरतो, म्हणून गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात.

भारतात गोळ्या दीर्घकाळ घेण्याचा प्रश्न पैशाशी येऊन भिडला. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या नावाच्या इमॅटिनिबचा महिन्याचा खर्च एक लाख रुपयांवर होता, तर देशी कंपन्यांच्या इमॅटिनिबचा ८ ते १० हजार. नोव्हार्टिसने मागितलेल्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार औषधाच्या बीटा स्फटिकरूपावरील नोव्हार्टिसचा दावा फेटाळला.

रक्तात बीसीआर-एबीएलचा मागमूस किमान दोन वर्षे न आढळलेल्या रुग्णांत औषध थांबवण्याचे प्रयोग झाले आहेत. फ्रान्समधील अशा एका अभ्यासात सुमारे ४० टक्के रुग्णांत रोग परतला नाही. परतला त्यांपैकी बहुतेकांत गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यात आला. यासाठी काटेकोर पीसीआर तपासणी वारंवार करावी लागते. ती सोय नसेल तर, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून तर कधीही, रुग्णाने गोळी बंद करू नये.