इंजिनाच्या अंगावरची पाती

वरवंडला पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला एखाद्या गॅरेजात मोटारसायकलचे इंजिन आपण पाहिलेच असेल. सिलिंडरभोवती धातूची पातळ पाती एकावर एक, थोडी फट ठेवून बसवलेली असतात. मेकॅनिक मंडळी त्यांना ‘फिन’ म्हणतात. पुष्कळांना ती शोभेची वाटतात. वस्तुतः त्यांच्या लांबी-जाडीमागे तीनशेहून अधिक वर्षांचा विचार आहे.

चहा बशीत का ओततात, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते. पसरला की लवकर निवतो. तापलेली वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा जितकी अधिक गरम, तितकी ती झपाट्याने निवते, हे न्यूटनने १७०१ साली मांडले. मग पाती चांगली हातभर लांब का करू नयेत? याचे उत्तर फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या १८२२ च्या ग्रंथात सापडते. दांडीचे एक टोक तापवले, तर दुसऱ्या टोकाकडे जाता जाता उष्णता ओसरत जाते. अनारसे तळताना झाऱ्याची मूठ हाती धरवते, ती यामुळेच. फार लांब पात्याचे टोक हवेइतकेच गार राहणार. ते नुसते ओझे!

ओझ्याची खरी काळजी विमानांना. अमेरिकेत हार्पर आणि ब्राउन यांनी १९२२ साली विमानाच्या इंजिनावरील पात्यांचे गणित केले, आणि १९२६ साली जर्मनीत अर्न्स्ट श्मिट यांनी दाखवले, की कमीत कमी धातूत काम साधायचे तर पाते मुळाशी जाड आणि टोकाला निमुळते हवे. खडकवासल्याहून आपल्याकडे येणाऱ्या कालव्यासारखेच हे. वाटेत पाणी वाटले जाते, म्हणून शेवटाला तेवढी रुंदी लागत नाही. पाती फार दाट बसवूनही चालत नाही. मधली हवा कोंडते.

व्हेस्पा स्कूटरची मौज निराळी. १९४६ साली ती घडवणारे कोराडिनो दास्कानिओ हे मूळचे हेलिकॉप्टरवाले. त्यांनी इंजिन पत्र्याआड झाकले, म्हणजे समोरचा वारा तुटला; तेव्हा इंजिनाच्या फिरत्या चाकालाच पंख्याची पाती दिली. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ पासून निघालेल्या चेतकमध्ये तीच व्यवस्था होती. लग्नात चेतक मागणाऱ्या किती जावयांना हा पंखा माहीत होता, कोण जाणे!

पात्यांची दिशा पाहावी, म्हणजे वारा कुठून येतो ते कळते. मोटारसायकलला तो समोरून, म्हणून पाती आडवी. विहिरीच्या काठावरच्या विजेच्या मोटरला शेपटाकडचा पंखा वारा घालतो, म्हणून तिच्या अंगावरील पाती लांबीच्या दिशेने. आणि याच मोटरवर आपण पावसापाण्याच्या भीतीने गोणपाट टाकतो! फटींत चिखल वाळतो, वारा अडतो, आतले वेष्टण करपते. ऐन चैत्रात मोटर जळून उभा ऊस वाळला, की दोष विजेच्या माथी. झाकायचेच तर वर छप्पर घालावे, अंगाला काही लावू नये.

आता सौर पंप आले. त्यांच्या कंट्रोलरच्या पाठीवर ॲल्युमिनियमची पाती पुष्कळदा दिसतात, आणि ती उभी असतात. तिथे पंखा नसला, तर तापलेली हवा आपोआप वर चढते आणि खालून गार हवा आत येते. घाईत कोणी ती पेटी आडवी ठोकली, तर पाती तीच राहतात, पण हवेचा जिना मोडतो.