सोळा बिट आणि शांततेचा तळ

जितके बिट अधिक, तितका आवाज सरस, हे विधान ध्वनिमुद्रणाच्या चर्चेत सहजपणे केले जाते. या विधानाचा इतिहास तपासू लागल्यावर ते अर्धेच खरे असल्याचे आमच्या लक्षात आले.

ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून तिचे आकडे साठवायचे, ही अंकीय ध्वनिमुद्रणाची मूळ कल्पना. अ‍ॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याने ती १९३०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मांडली; तीही संगीतासाठी नव्हे, तर दूरध्वनीच्या तारांवर साचत जाणारी खरखर टाळण्यासाठी. या मोजणीच्या पट्टीवर खुणा किती, हे बिटसंख्या ठरवते. आठ बिटांत २५६ खुणा, सोळांत ६५,५३६. लहर दोन खुणांच्या मध्ये आली, तर जवळच्या खुणेवर समाधान मानावे लागते. या तडजोडीतली चूक म्हणजेच तळाशी उरणारी खरखर. एक बिट वाढला, की ती सुमारे ६ डेसिबलने खाली जाते. म्हणजे बिटसंख्या स्वराची गोडी ठरवत नाही. शांततेचा तळ किती खोल, एवढेच ठरवते.

१९७२ साली जपानच्या डेनॉनचे मुद्रणयंत्र १३ बिटांचे होते. पुढे कॉम्पॅक्ट डिस्कसाठी फिलिप्सचा कल १४ बिटांकडे होता, तर सोनीचा आग्रह १६चा. १९८०च्या मानकात सोनीचे म्हणणे मान्य झाले. गंमत अशी, की फिलिप्सच्या पहिल्या यंत्रांत १४ बिटांचाच परिवर्तक होता. नमुन्यांची संख्या चौपट करून आणि खरखर श्राव्य कक्षेबाहेर ढकलून त्याने सोळा बिटांच्या जवळचे काम केले.

खरा पेच मात्र विरत जाणाऱ्या स्वराचा होता. पियानोचा नाद मावळताना शेवटच्या एकदोन खुणांवर येतो, तेव्हा चूक स्वराच्या मागोमाग चालू लागते आणि तो विद्रूप होतो, अखेरीस तुटतो. यावरचा उपाय चमत्कारिक वाटावा असा आहे: मोजण्याआधी स्वरात थोडी यादृच्छिक खरखर मिसळायची. मग आकडा कधी वरच्या, कधी खालच्या खुणेवर पडतो आणि त्यांच्या सरासरीत स्वर टिकतो. चित्रांच्या संदर्भात लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी हे १९६०च्या दशकारंभी दाखवले. ध्वनीच्या बाबतीत वॉटर्लू विद्यापीठाच्या व्हँडरकॉय आणि लिपशिट्झ यांनी १९८४ साली त्याची मांडणी केली. शेवटच्या खुणेहूनही मंद स्वर ऐकू येऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

मग चोवीस बिट कशासाठी? मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च प्रतीचे मुद्रण थेट आणि सोळा बिटांतून गाळून ऐकवले. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढीच आली असती. आवाज अतिशय वाढवल्यावरच खरखरीतला फरक जाणवला.

तरीही जुन्या तबकड्यांच्या जतनासाठी चोवीस बिटच सुचवले जातात. ७८ फेऱ्यांच्या नाट्यसंगीताच्या तबकडीची खरखर सोळा बिटांच्या तळापेक्षा बरीच वर असते. तबकडीत न उतरलेला स्वर बिट वाढवून येणार नाही. पण मुद्रण करताना पातळी सुरक्षित ठेवायला वाव लागतो आणि पुढे ती खरखर काढताना होणाऱ्या प्रत्येक गणितात थोडी चूक साचते. जास्तीचे बिट त्यासाठी. ते श्रोत्याच्या कानासाठी नव्हेत, उद्या ती तबकडी पुन्हा उजळू पाहणाऱ्याच्या हातासाठी आहेत, असे आम्हांस वाटते.