रिपॅक : जळालेल्या ग्रीसनं नाव दिलेला उतार

डोंगरांना आणि घाटांना नावं कशी पडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. कुठं एखाद्या देवाचं नाव असतं, कुठं एखाद्या वीराचं, तर कुठं तिथं माजलेल्या झाडाझुडपाचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मात्र एक उतार असा आहे, की त्याला सायकलदुरुस्तीतल्या एका कामाचं नाव मिळालं. त्याला 'रिपॅक' म्हणतात. रिपॅक म्हणजे पुन्हा भरणं. पुन्हा काय भरायचं? तर मागच्या चाकाच्या हबमधलं ग्रीस.

आज जगभर विकल्या जाणाऱ्या, आपल्याकडं शाळकरी मुलंसुद्धा चालवतात त्या जाड टायरच्या 'माउंटन बाइक'चा इतिहास या नावात दडलेला आहे. मला हा इतिहास सांगावासा वाटतो, कारण यंत्रांचा इतिहास आपण सहसा संशोधक, पेटंट आणि कारखाने यांच्या नावानं वाचतो. इथं मात्र हात काळे करून एकमेकांना युक्त्या सांगणाऱ्या दोस्तांच्या टोळक्यानं एक नवं वाहन घडवलं, आणि कारखाने मागून आले.

सान फ्रान्सिस्को शहरातून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं, की मरिन काउंटी लागते. तिथं माउंट टॅमलपायस हा सुमारे २,५७० फूट उंचीचा डोंगर आहे. त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर वणवा विझवणाऱ्या गाड्यांना जाता यावं म्हणून कच्चे रस्ते कापलेले आहेत. उन्हाळ्यात तिथं धुळीचे लोट उठतात आणि पावसात चिखल होतो. १९७०च्या दशकाच्या आरंभी या रस्त्यांवर काही तरुण जुन्या सायकली घेऊन जाऊ लागले. त्यातले बरेचजण एरवी डांबरी रस्त्यावर बारीक टायरच्या शर्यतीच्या सायकली चालवणारे होते. गॅरी फिशर, जो ब्रीझ आणि चार्ली केली ही त्यांतली पुढं गाजलेली नावं.

डोंगरावर नेलेल्या सायकली मात्र शर्यतीच्या नव्हत्या. श्विन या अमेरिकन कंपनीनं १९३३ साली फुग्यासारख्या जाड टायरच्या सायकली बाजारात आणल्या होत्या. घरोघर वर्तमानपत्रं टाकणारी पोरं त्या वापरत. त्या वजनाला जड, गिअर एकच, पण सांगाडा दणकट. तीस-चाळीस वर्षांनी त्या भंगारात पडल्या होत्या आणि कवडीमोलानं मिळत. या मंडळींनी त्यांचे मडगार्ड, चेनकव्हर, शोभेच्या टाक्या काढून टाकल्या आणि उरलेल्या सांगाड्याला नाव दिलं 'क्लंकर', म्हणजे आपल्या भाषेत खटारा. त्यातही श्विनचं 'एक्सेलसियर' हे जुनं मॉडेल सगळ्यांना हवं असे, कारण त्याच्या चिमट्याचा आणि दांड्यांचा कोन असा होता, की खडबडीत उतारावर सायकल उधळत नसे. ही माहिती कुठल्या पुस्तकात छापलेली नव्हती. एकानं पडून-धडपडून शिकायची आणि दुसऱ्याला सांगायची, असा मामला होता.

या खटाऱ्यांची दुखरी जागा म्हणजे ब्रेक. आपल्याकडच्या सायकलीचं पायडल उलटं फिरवलं तर फ्रीव्हीलचा नुसता टकटक आवाज येतो. या अमेरिकन सायकलींना पायडल उलटं दाबलं की मागचं चाक अडत असे. ब्रेकचे धातूचे भाग हबच्या पोटातच असत आणि ते आतून हबच्या कवचाला घासत. धातूवर धातू घासणार म्हणून ते सगळं ग्रीसमध्ये बुडवलेलं असे. गावातल्या सपाट रस्त्यावर पेपर टाकणाऱ्या पोराला हा ब्रेक जन्मभर पुरला असता.

पण फेअरफॅक्स गावाजवळच्या त्या उतारावर काय होत असेल, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रानंही करता येतो. सुमारे २.१ मैलांत, म्हणजे सव्वातीन-साडेतीन किलोमीटरमध्ये, हा रस्ता १,३०० फूट खाली येतो. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरले, तर एवढी उंची उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यात सव्वा लिटर थंड पाणी उकळता येईल. थोडी ऊर्जा वारा खातो, थोडी टायर आणि खडी खातात. पण बराचसा वाटा मुठीएवढ्या हबला पचवावा लागतो. साहजिकच आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचेपर्यंत हब कोरडा ठणठणीत होई. मग तो उघडायचा, पुसायचा, छर्रे तपासायचे, नवं ग्रीस भरायचं आणि कोन बेतानं आवळायचा. फार आवळला तर चाक जड फिरतं आणि ढिला ठेवला तर डुलतं. आपल्या गावोगावच्या सायकल दुकानांत ज्याला 'ओव्हरऑइलिंग' म्हणत, त्यातलाच हा भाग. फरक एवढाच, की आपल्याकडं ते वर्षा-दोन वर्षांनी करत आणि इथं एका उतारानंतर करावं लागे. म्हणून त्या उताराचं नाव पडलं रिपॅक.

उतरताना सर्वांत वेगवान कोण, हा वाद गप्पांतून मिटेना, तेव्हा २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथं पहिली शर्यत झाली. चार्ली केली आणि त्याचा मित्र फ्रेड वुल्फ यांनी ती भरवली. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, म्हणून सगळ्यांना एकदम सोडणं शक्य नव्हतं. दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं एकेकाला सोडायचं आणि वर-खाली जुळवलेल्या घड्याळांवर वेळ मोजायची, अशी पद्धत ठरली. ॲलन बाँड्स पहिला आला. न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता, असं सांगतात. १९७६ ते १९८४ या काळात अशा २४ शर्यती झाल्या. त्यातल्या दहा जो ब्रीझनं जिंकल्या, तर सर्वांत कमी वेळेचा विक्रम गॅरी फिशरच्या नावावर राहिला : ४ मिनिटं २२ सेकंद. केलीनं या शर्यतींच्या निकालाच्या नोंदी जपून ठेवल्या आणि वेंडी क्रॅग या बाईंनी फोटो काढले. त्या स्वतः या टोळक्याबरोबर सायकल मारत. या दोघांमुळं एरवी धुळीत विरून गेला असता, असा इतिहास आपल्या हाती लागला आहे.

मात्र शर्यतीच्या निकालाइतकंच महत्त्व मी शर्यतीच्या अलीकडच्या-पलीकडच्या वेळेला देतो. सायकली ढकलत वर चढायला वेळ लागे आणि खाली आल्यावर हब निवेपर्यंत थांबावं लागे. त्या वेळात बोलणं कशाचं होणार? कुणाचा चिमटा वाकला, कुणाची रिम चेपली, टायरमध्ये हवा किती ठेवली तर खडीवर पकड राहते. सोबत कुणाची नोकरी, कुणाचं घरभाडं, कुणाचं प्रेमप्रकरण हेही असणारच. केली एका संगीतमंडळीचं सामान हलवण्याचं काम करत असे. तो आणि फिशर काही काळ एकाच घरात राहत. ज्ञान आणि गप्पा यांच्यात भिंत नव्हती, आणि म्हणूनच एकाची युक्ती लवकरच सगळ्यांची होई.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे गिअर. १ डिसेंबर १९७४ रोजी मिल व्हॅलीत एक सायक्लोक्रॉस शर्यत झाली. तिथं दक्षिणेकडच्या कुपरटिनो गावातून काही तरुण आले. त्यांच्या गटाचं नाव 'मॉरो डर्ट क्लब'. हे मॉरो म्हणजे कुणी पुढारी नव्हे, तर मागच्या चाकातल्या जुन्या ब्रेकची एक नामांकित जात! त्यांच्या जाड टायरच्या सायकलींना गिअर होते आणि गिअर बदलायचा खटका अंगठ्याजवळ बसवलेला होता, म्हणजे खडबडीत रस्त्यावर हँडल सोडायला नको. मरिनच्या मंडळींनी ते पाहिलं. पुढं फिशरनं आपल्या खटाऱ्याला गिअर आणि ड्रम ब्रेक बसवले आणि सायकल ढकलत चढण्याऐवजी चालवत चढता येऊ लागलं. कुपरटिनोचा गट लवकरच पांगला. त्यांची कल्पना मात्र दुसऱ्यांच्या सायकलींवर जगली.

जुने सांगाडे किती दिवस पुरणार? ते मोडत, आणि भंगारातही मिळेनासे झाले. तेव्हा केलीनं ब्रीझला नवा सांगाडा घडवायला सांगितलं. १९७७ साली ब्रीझनं क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या जोडून पहिली 'ब्रीझर' तयार केली आणि १९७८पर्यंत अशा दहा सायकली पूर्ण केल्या. डोंगरासाठी मुद्दाम घडवलेली, सगळे भाग नवे असलेली सायकल म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ती पहिली ब्रीझर आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडं आहे. १९७९ साली फिशर आणि केली यांनी मिळून 'माउंटनबाइक्स' नावाचा छोटा धंदा सुरू केला. सांगाडे टॉम रिची घडवून देई. मोटारसायकलचे ब्रेक-लिव्हर, फ्रान्समधले क्रँक, जपानचे गिअर असा चार देशांचा सामान एका सायकलीवर जमत असे. कुठला भाग कशाशी जुळतो, हे त्या टोळक्याला अनुभवानं पाठ झालं होतं.

त्यांनी घेतलेलं नाव साऱ्या जगानं उचललं, पण त्या नावावर मालकी काही त्यांना मिळाली नाही. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीनं 'स्टंपजंपर' ही सायकल आणली आणि कारखान्यात मोठ्या संख्येनं माउंटन बाइक बनू लागल्या. पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. १९९०मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगो इथं या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तो खेळ म्हणून दाखल झाला. रिपॅकच्या पहिल्या शर्यतीपासून ऑलिंपिकपर्यंत फक्त वीस वर्षं!

त्या आधीच, १९८०मध्ये, केली आणि डेनिस कॅरामॅग्नो यांनी 'फॅट टायर फ्लायर' नावाचं नियतकालिक काढलं होतं. या खेळाला वाहिलेलं ते पहिलं नियतकालिक, आणि १९८७पर्यंत ते चाललं. डोंगरमाथ्यावरच्या गप्पा त्यामुळं कागदावर आल्या. ज्यांनी मरिनचा डोंगर कधी पाहिला नव्हता, असे लोकही त्या बैठकीत सामील होऊ शकले.

आता प्रश्न येतो, माउंटन बाइकचा जनक कोण? मरिनवाले मरिनकडं बोट दाखवतात. कुपरटिनोचा दावा आपण पाहिलाच. कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्युट गावची मंडळी सांगतात, की १९७६ सालीच ते आपल्या खटाऱ्यांवरून बारा हजार फुटांहून उंच असलेली पर्ल खिंड ओलांडून ॲस्पेनला गेले होते. १९५३ साली जॉन फिनली स्कॉट यानं जाड टायर आणि गिअर असलेली सायकल जुळवली होती. इंग्लंडमध्ये १९५५ साली खडबडीत वाटांवर सायकल नेणाऱ्यांची 'रफ स्टफ फेलोशिप' स्थापन झाली होती. म्हणजे कल्पना अनेकांना सुचली होती. मग रुजली ती मरिनमध्येच का? माझं उत्तर असं, की स्कॉटची सायकल चांगली असली तरी तिच्याभोवती बोलणारी माणसं नव्हती. मरिनमध्ये डोंगर जवळ होता, शर्यत वरचेवर होत होती, दर वेळी काहीतरी मोडत होतं, आणि ते कसं नीट करायचं हे सांगणारा शेजारीच बसलेला होता. मोडणं आणि बोलणं या दोन गोष्टी एकत्र आल्या, की सुधारणा वेगानं होते.

या यशाची किंमतही त्याच डोंगरावर मोजावी लागली. सायकली वाढल्या तसे पायी फिरणारे आणि घोडेस्वार तक्रारी करू लागले. वळणावर सायकल अंगावर येते, वाटेची माती उखडते, अशा त्या तक्रारी होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. १९८०च्या दशकात टॅमलपायसवरच्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर वेगमर्यादा आली ताशी १५ मैलांची. विचार करा, रिपॅकच्या विक्रमाचा सरासरी वेग जवळजवळ २९ मैल भरतो! ज्या डोंगरानं हा खेळ जन्माला घातला, त्याच डोंगरावर तो पाहुण्यासारखा वावरू लागला. १९८८ साली कॅलिफोर्नियातले काही क्लब एकत्र आले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. पुढं या संघटनेचे स्वयंसेवक फावडी-कुदळी घेऊन वाटा दुरुस्त करू लागले. पावसाचं पाणी वाटेवरून न वाहता बाजूला कसं काढायचं, वळणावर माती कशी दाबायची, हे ते एकमेकांना शिकवू लागले. हबच्या देखभालीपासून सुरू झालेली गोष्ट वाटेच्या देखभालीपर्यंत पोचली, हे मला या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पाऊल वाटतं. यंत्र आपलं असतं, म्हणून त्याची काळजी घेणं सोपं असतं. वाट सगळ्यांची असते.

आजच्या महागड्या माउंटन बाइकला तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतात आणि बेअरिंग बंद डबीत येतं. ते उघडायचं नसतं, बिघडलं की नवं टाकायचं. यात सोय आहे आणि सुरक्षितताही आहे. जळका ब्रेक घेऊन उतारावर सुटण्याचं कौतुक मी करणार नाही. पण जी वस्तू उघडता येत नाही, तिच्याविषयी दोन माणसं बोलणार तरी काय? आपल्याकडं कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात चाक उघडलं, की आजूबाजूला चार पोरं उभी राहून बघत आणि बघता बघता शिकत. ती दुकानं कमी होत चालली आहेत. एखादं दुकान अजून तुमच्या भागात असेल, तर मुलाची सायकल तिथं टाकून लगेच परत फिरू नका. त्याला हब उघडताना बघू द्या आणि कारागिराला प्रश्न विचारू द्या.