अनाम आयरिसची ओळख

मनुष्यांच्या वंशावळी शोधण्याचा उद्योग आपल्या परिचयाचा आहे. परंतु फुलांच्या वंशावळी शोधणारे लोकहि जगांत आहेत, हें आपणांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. युरोप-अमेरिकेंतील जुन्या घरांच्या कुंपणांलगत, ओसाड मळ्यांत व स्मशानभूमींत आयरिस नांवाचें फूल वर्षानुवर्षें फुलत असतें. लावणारा निघून गेलेला असतो, नांवाची पाटी केव्हांच कुजलेली असते. आणि घराचा नवा मालक विचारतो, 'हें फूल कोणतें?' या साध्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं पुष्कळदां शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

आयरिसच्या तीन पाकळ्या कमानीसारख्या वर उभ्या, तर तीन खालीं लोंबत्या असतात. बागांतील नेहमींच्या प्रकारांत लोंबत्या पाकळ्यांवर मऊ केसांची दाढी असते. जमिनींत आल्यासारखा गांठाळ कंद वाढतो. बी पेरल्यास रोपें हुबेहूब आईबापांसारखीं निपजत नाहींत; परंतु कंदाचा तुकडा लावला कीं पुन्हा तेंच झाड उभें राहतें. आपल्या हापूसच्या कलमांची गोष्ट अशीच आहे. १८४० सालीं लेमों नांवाच्या फ्रेंच रोपवाल्यानें पिवळ्या व तांबूस-तपकिरी पाकळ्यांची 'ऑनोराबिल' ही जात विक्रीस काढली. तिचा कंद आज कोणाच्या अंगणांत असेल, तर तो त्या झाडाचा वंशज नव्हे. तें झाडच होय.

फुलाच्या ठेवणींतहि काळाची खूण असते. एकोणिसाव्या शतकांतील बहुतेक जाती युरोपांतील दोन-चार मूळ जातींच्या संकरांतून निघाल्या. त्यांचीं फुलें लहान व नाजूक. पुढें केंब्रिजचे शरीरविज्ञानाचे प्राध्यापक सर मायकेल फॉस्टर (१८३६–१९०७) यांनीं आशिया मायनरमधून मोठ्या फुलांचे आयरिस मिळवून संकरासाठीं वापरले. या झाडांत गुणसूत्रें २४ ऐवजीं ४८ असतात, हें शास्त्रज्ञांना नंतर कळलें. म्हणून भरदार फूल दिसलें, कीं तें बहुधा विसाव्या शतकांतील असावें असा तर्क करतां येतो.

मात्र तर्क म्हणजे ओळख नव्हे. एकच जात अनेक नांवांनीं विकली जाई, आणि एकच नांव अनेक जातींना मिळे. हा गोंधळ निस्तरण्यासाठीं १९२० सालीं अमेरिकन आयरिस सोसायटी स्थापन झाली, व तिनें १९२९ आणि १९३९ सालीं नांवांच्या मोठ्या याद्या छापल्या. पण यादी शब्दांचीच. जुन्या सूचीपत्रांतील 'सुंदर जांभळा' एवढ्या वर्णनानें शेंकडों जांभळ्या फुलांतून एक कसें निवडावें?

यास्तव जाणकार केवळ रंगावर विसंबत नाहींत. दांड्याची उंची किती, त्याला फांद्या कोठून फुटतात, कळीभोंवतींचें वेष्टन हिरवें कीं कागदासारखें सुकलेलें, पानाच्या बुडाशीं जांभळी झांक आहे काय, दाढी कोणत्या रंगाची, वास कसा, बहर केव्हां येतो, हें सर्व ते टिपून ठेवतात. आणि एका बहरावर निकाल देत नाहींत. अरबस्तानापासून स्पेनपर्यंत मुसलमानांच्या कबरींवर लावला जाणारा शुभ्र 'अल्बिकान्स' आणि सुगंधी कंदाबद्दल प्रसिद्ध असलेला 'फ्लोरेंटिना' यांची नेहमीं गफलत होते. पहिल्याचीं फुलें दांड्यालाच चिकटून येतात, दुसऱ्याला स्पष्ट फांद्या असतात. नुसता पांढरा रंग पाहणारा हमखास फसतो. 'ऑनोराबिल' व १८५४ ची 'सां सूसी' या जातींतील भेद तर याहूनहि सूक्ष्म आहे.

चुकीच्या नांवानें बिघडतें काय, असें कोणी विचारील. शेजाऱ्यांना दिलेल्या प्रत्येक कंदाबरोबर तें नांवहि पसरतें. खरी जात सुरक्षित आहे अशी समजूत होते, तिचा शोध थांबतो, आणि एखाद्या परसांतील तिचा शेवटचा ताटवा नव्या बांधकामाखालीं जातो. बीं पेरून तें झाड परत मिळत नाहीं. उलट चिकाटीनें शोध घेतल्यास हरवलेलें सांपडतेंहि. इंग्रज चित्रकार सेड्रिक मॉरिस यांनीं सफक परगण्यांतील बेंटन एंड येथें अनेक मोहक जाती निर्माण केल्या होत्या. १९८२ सालीं ते वारले व त्या जाती विखुरल्या. सिसिंगहर्स्ट उद्यानाच्या माजी मुख्य माळी सेरा कुक यांनीं त्या ठिकठिकाणांहून पुन्हा जमविल्या, आणि २०१५ च्या चेल्सी पुष्पप्रदर्शनांत लोकांनीं त्या पाहिल्या.

जुन्या जातींच्या रक्षणासाठीं अमेरिकेंत १९८८ पासून एक स्वतंत्र संस्थाहि काम करीत आहे. या अभ्यासांतून निघणारा दंडक असा कीं, खात्री नसेल तेथें नांव देऊं नये. 'जात अज्ञात, अमुक घरच्या विहिरीजवळून, अमुक सालीं आणली' एवढी पाटी लावावी. ती अपुरी असेल, पण खोटी नसेल. आणि पुढें कधीं खरें नांव सांपडलेंच, तर तें लिहावयास तिच्यावर जागा मोकळी राहील.