घाटंजी परिसरावरील अभ्यास आणि त्यांचे खुले प्रकाशन

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी परिसरावर समाजशास्त्रीय लेखन होऊ लागले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. ब्राउन आणि रसेल यांनी संपादित केलेले जिल्हा गॅझेटियर १९०८ मध्ये निघाले. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ आला; त्यात कोलाम या आदिवासी जमातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या कोलाम पोडांविषयी, म्हणजे वस्त्यांविषयी, हे लिहिले गेले, तेथे मात्र ते वाचायला मिळण्याची सोय नव्हती. आज रसेल-हिरालाल यांचा ग्रंथ इंटरनेटवर मोफत आहे आणि राज्य सरकारची गॅझेटियरेही तेथे पाहता येतात.

स्वातंत्र्यानंतर संशोधन वाढले, पण ते महागड्या नियतकालिकांत छापले जाई आणि तालुक्याच्या महाविद्यालयांना त्यांची वर्गणी परवडत नसे. या अडचणीवर जगभर उपाय शोधला जात होता. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ओपन अ‍ॅक्सेसची, म्हणजे सर्वांना विनामूल्य वाचता येईल अशा प्रकाशनाची, व्याख्या केली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंधांची डिजिटल प्रत सक्तीची केली आणि त्यातून ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे खुले भांडार उभे राहिले. शेतकरी आत्महत्यांवरील मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा २००६ चा अहवालही खुला झाला. २०१४ मध्ये सुरू झालेले ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहालय आपले लेख मराठीतही देते.

आजच्या संशोधकापुढे खुल्या प्रकाशनाचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात लेखक किंवा त्याची संस्था प्रकाशन शुल्क भरते. ते अनेकदा मोठे असते. दुसऱ्यात संस्था किंवा विद्वत्सभा खर्च उचलते, त्यामुळे लेखक आणि वाचक दोघांनाही पैसे पडत नाहीत. तिसऱ्यात लेख नेहमीच्या नियतकालिकात छापून प्रकाशकाच्या अटींप्रमाणे त्याची स्वीकृत प्रत विद्यापीठाच्या भांडारात किंवा ‘सोशआर्काइव्ह’सारख्या खुल्या संग्रहात ठेवली जाते. शुल्क घेऊन परीक्षणाशिवाय छापणाऱ्या बनावट नियतकालिकांपासून सावध राहण्यासाठी २००३ पासून चालणारी खुल्या नियतकालिकांची ‘डीओएजे’ सूची उपयोगी पडते.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये संशोधन नियतकालिकांसाठी ‘एक देश एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तिचा लाभ सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना आहे. ज्या शेतकऱ्यांवर आणि आदिवासींवर अभ्यास होतो, ते या संस्थांबाहेर आहेत. त्यांच्यापर्यंत निष्कर्ष पोहोचवायचे तर खुले प्रकाशन आणि सोबत मराठी सारांश, दोन्ही हवेत.