बंजारा वेशभूषेतील रंग व नक्षी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शहरी घरांतील उशांच्या अभ्र्यांवर आज दिसणारी आरशांची गडद रंगांतील नक्षी ‘फॅशन’ म्हणून ओळखली जात असली, तरी तिचे मूळ बंजाऱ्यांच्या मालवाहतुकीत शोधावे लागते. शेलूबाजार (ता. मंगरूळपीर) ज्या वाशीम जिल्ह्यात आहे, तो बंजारा तांड्यांचा प्रदेश होय, पोहरादेवी हे या समाजाचे तीर्थक्षेत्रही याच जिल्ह्यात आहे.

बैलांवर धान्य व मीठ लादून फिरणाऱ्या या समाजाची संपत्ती चल होती. फेटिया व काचळीवरील कवड्या आणि नाणी ही केवळ शोभा नव्हती. नाणी म्हणजे अंगावर वागविलेली बचतच. फिरत्या संसाराला भिंती नसल्याने सजावट बैलांच्या झुलींवर व पिशव्यांवर उतरली. गृहसजावटीचा विचार करताना अभ्यासकांनी याकडे क्वचितच लक्ष दिले आहे.

१८६७ मध्ये भुसावळ–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि वऱ्हाडातील बैलांवरील वाहतुकीला उतरती कळा लागली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकंतीकडे पाहण्याच्या संशयी दृष्टीला कायद्याचा आधार मिळाला. तांडे स्थिरावत गेले, साडी रूढ झाली. फेटिया बहुतांशी वृद्ध स्त्रियांच्या अंगावर किंवा सणसमारंभांत उरला. नक्षी मात्र बाजारात टिकली. यंत्रावर छापलेल्या कापडावरही ती विकली जाते आणि त्या विक्रीत भरतकाम करणाऱ्या तांड्यातील स्त्रीचा वाटा नसतो.